विमानविरोधी, विमानभेदी की विमानवेधी?

प्रश्न : १९७३च्या अरब-इस्रायल युद्धावरील एका लेखात 'कुब' या सोव्हिएत क्षेपणास्त्र-वाहनाला 'विमानविरोधी रणगाडा' म्हटले आहे. हा शब्दप्रयोग योग्य आहे का?

नाही. लोखंडी पट्ट्यांवर चालते ते सगळे रणगाडे, हा वर्तमानपत्री समज काही केल्या जात नाही. मग बुलडोझरही रणगाडाच म्हणायचा! पण माझा खरा राग 'विमानविरोधी'वर आहे. विमानांच्या आवाजाने झोपमोड होते म्हणून अर्ज करणारे गृहस्थ विमानविरोधी. इंग्रजीतला 'अँटी' दिसला की 'विरोधी' चिकटवून मोकळे व्हायचे, हा निव्वळ आळस आहे.

मराठीत 'विमानवेधी' हा नेमका शब्द आहे. धातू व्यध्, म्हणजे भोसकणे, आरपार जाणे. कर्णवेध त्यातलाच, शिकारी व्याधही त्यातलाच. पण 'वेध घेणे' म्हणजे नजर रोखून आकाशातल्या वस्तूचे स्थान ठरवणे. वेधशाळा तिथून आली. आता कुबची रचना पाहा. तीन क्षेपणास्त्रे वाहणाऱ्या गाडीवर स्वतःचे रडार नसतेच. ते वेगळ्या गाडीवर असते. ती विमान हुडकून त्यावर लहरींचा झोत रोखून धरते आणि चार प्रक्षेपक गाड्यांपैकी एकीवरून सुटलेले क्षेपणास्त्र परतणाऱ्या लहरींच्या मागाने जाते. एक गाडी वेध घेते, दुसरी वेधते. दोन्ही कामे एकाच धातूत! सुएझ आणि गोलानवर इस्रायली वैमानिकांना याच जोडगोळीने सळो की पळो करून सोडले.

'विमानभेदी'चे काही विद्वान पुरस्कर्ते आहेत. त्यांनी भेद आणि वेध यांत फरक करायला शिकावे. भेद तटबंदीचा होतो, चिलखताचा होतो. म्हणून रणगाडाभेदी ठीक. विमान आधी सापडावे लागते. 'पण क्षेपणास्त्र विमानात घुसत नाही, जवळ जाऊन फुटते' हा त्यांचा आक्षेप मी ऐकला आहे. फुटून उडालेल्या धातूच्या तुकड्यांनी विमानाचे काय होते, असे त्यांना वाटते?

आणि आमचा आकाशातला व्याध! त्याने मृगाला मारलेला बाण 'त्रिकांड', म्हणजे ओळीतले तीन तारे. कुबच्या पाठीवरही तीनच. योगायोग आहे, ठाऊक आहे मला. तरी सांगितल्यावाचून राहवत नाही. आपल्या 'आकाश'च्या लष्करी प्रक्षेपकावरही तीनच क्षेपणास्त्रे असतात. तो तर टी-७२ रणगाड्याच्या सांगाड्यावर बसवलेला, म्हणजे रणगाडा म्हणण्याचा मोह तिथे आणखी मोठा.

हो, तो रणगाडा राहिलाच. रणगाड्याला फिरत्या बुरुजावर तोफ लागते आणि मारा सोसणारे जाड चिलखत लागते. कुब पडली मागे राहून आभाळाकडे बघणारी. 'विमानवेधी क्षेपणास्त्र-वाहन' लिहा. लांब वाटले तर सरळ 'लाँचर गाडी' म्हणा, माझी हरकत नाही.