अर्जात तुझं काम दिसू दे

या अंकासाठी आलेली बहुतेक पत्रं इंटर्नशिपबद्दलच आहेत. मी नोकरीचा भाग म्हणून दर वर्षी इंटर्नचे अर्ज वाचते, निवड करते आणि मग निवडलेल्या मुलांबरोबर कामही करते. त्यामुळे अर्ज वाचणाऱ्याला काय दिसतं, एवढंच धरून उत्तरं देते आहे.

ताई, मी संख्याशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. डेटा ॲनालिसिसच्या इंटर्नशिपसाठी दिसेल तिथे अर्ज करतेय, पण एकाही ठिकाणाहून उत्तर आलेलं नाही. सगळीकडे ‘अनुभवाला प्राधान्य’ लिहिलेलं असतं. अनुभव मिळावा म्हणूनच तर इंटर्नशिप करायची ना? मला पायथॉन आणि एक्सेल येतं. मागच्या सत्रात ग्रंथालयाच्या मॅडमना पुस्तकांच्या देवघेवीची फाइल नीट करून दिली होती, पण तो काही प्रोजेक्ट नव्हता. रेझ्युमे सोबत जोडलाय. मी कुठे कमी पडतेय?

तुझा रेझ्युमे उघडून मी आधी ग्रंथालयाची ती फाइल शोधली. ती त्यात कुठेच नाही. पहिल्या ओळीत आहे ‘मेहनती, जिज्ञासू आणि नवीन शिकण्याची आवड असलेली विद्यार्थिनी’. हे खरंच असेल, पण माझ्याकडे येणाऱ्या जवळजवळ प्रत्येक अर्जात हेच शब्द असतात. ते वाचून तुझ्याविषयी काहीच हाती लागत नाही. त्याखाली पायथॉनपुढे एक रंगीत पट्टी, ८० टक्के भरलेली. पायथॉन ८० टक्के येतं म्हणजे नेमकं काय येतं, हे मला त्या पट्टीवरून कसं कळावं?

म्हणून मी तुला मेल करून ग्रंथालयाच्या कामाबद्दल विचारलं आणि तुझं उत्तर वाचून फार आनंद झाला. तारखा वेगवेगळ्या पद्धतींनी भरलेल्या होत्या, कुठे दिवस आधी तर कुठे महिना. एकाच पुस्तकाचं नाव चार तऱ्हांनी लिहिलेलं. तू ते सगळं पायथॉनमध्ये एकसारखं केलंस आणि परीक्षेच्या तोंडावर कोणत्या विषयांची पुस्तकं उशिरा परत येतात, त्याचा तक्ता काढून दिलास. त्यावरून मॅडमनी काही पुस्तकांची मुदत कमी केली. अगं, अनुभव आणखी कशाला म्हणतात? या क्षेत्रातल्या माणसांचा कितीतरी वेळ असल्याच तारखा आणि नावं सरळ करण्यात जातो. वर्गात मिळणारा डेटा आधीच निवडून, पाखडून ठेवलेला असतो. तू खडे असलेला डेटा हाताळलास, आणि अर्ज वाचणारा नेमकं तेच शोधत असतो.

तेव्हा ती ‘मेहनती, जिज्ञासू’ वाली ओळ काढून टाक आणि तिथे साधारण असं लिही : ‘ग्रंथालयाच्या देवघेवीच्या नोंदींतल्या तारखा व पुस्तकांची नावं पायथॉनमध्ये एकसारखी केली, उशिरा परत येणाऱ्या पुस्तकांचा विषयवार तक्ता काढला, त्या आधारे ग्रंथालयाने काही पुस्तकांची मुदत बदलली.’ नोंदी किती होत्या तो आकडा त्यात घाल. कोड गिटहबवर, म्हणजे कोड ठेवायच्या आणि दाखवायच्या वेबसाइटवर ठेव आणि लिंक दे. मात्र त्याआधी मॅडमना विचार, आणि पुस्तकं नेणाऱ्यांची नावं त्यात कुठेही राहू देऊ नकोस. ती माहिती ग्रंथालयाची आहे. तू हे पाळलंस असं दिसलं, तर निवड करणाऱ्याच्या मनात तुझ्याबद्दलचा विश्वास वाढेल.

रेझ्युमे एका पानाचा आणि एका रकान्याचा ठेव. बऱ्याच मोठ्या कंपन्यांत माणसाआधी सॉफ्टवेअर अर्ज वाचतं, आणि दोन रकाने, चौकटी, चित्रं आली की त्यात मजकुराची सरमिसळ होऊ शकते. पीडीएफमधला सगळा मजकूर कॉपी करून साध्या नोटपॅडमध्ये चिकटवून बघ. तिथे तो क्रमाने वाचता आला तर काळजी नको. ‘प्राधान्य’ लिहिलं असलं तरी अर्ज कर, ती अट नसते. पण ‘दिसेल तिथे’ हे थांबव. मोजक्या जागा निवड आणि त्यांचं काम काय चालतं ते वाचून प्रत्येकीला वेगळं पत्र लिही.

ताई, सूक्ष्मजीवशास्त्र, तिसरं वर्ष. सुट्टीत एखाद्या प्रयोगशाळेत काम करावं म्हणून प्राध्यापकांना मेल पाठवतो आहे. कुणी उत्तरच देत नाही. मित्र म्हणतात, वशिला असल्याशिवाय हे होत नाही. खरं आहे का?

ओळखीचा उपयोग होतो, हे नाकारत नाही. पण पुढे मोठा शास्त्रज्ञ झालेल्या मायकेल फॅरडेची गोष्ट नीट वाच. लोहाराचा मुलगा, बुकबाइंडरकडे उमेदवारी करणारा. विज्ञानात कसलंही, अगदी हलकंसलकं काम मिळावं म्हणून त्याने रॉयल सोसायटीचे अध्यक्ष सर जोसेफ बँक्स यांना पत्र लिहिलं. उत्तर आलं नाही. १८१२ मध्ये दुकानाच्या एका गिऱ्हाइकाने त्याला लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमधल्या रसायनशास्त्रज्ञ हंफ्री डेव्ही यांच्या व्याख्यानांची तिकिटं दिली. फॅरडेने टिपणं घेतली, ती सविस्तर लिहून काढली, आकृत्या काढल्या, स्वतःच्या हाताने त्यांची बांधणी केली आणि डिसेंबरात पत्रासोबत ती वही डेव्हींना पाठवली. या वेळी उत्तर आलं, भेटही झाली. जागा मात्र रिकामी नव्हती. पुढे तिथल्या मदतनिसाला काढून टाकलं, तेव्हा डेव्हींनी या मुलाला बोलावून घेतलं. १ मार्च १८१३ रोजी त्याची नेमणूक झाली.

तिकिटं ओळखीतून मिळाली, मान्य. पण बँक्सना गेलेल्या पत्रात नुसती विनंती होती आणि डेव्हींकडे गेलेल्या पत्रासोबत काम होतं. तुझा मेल सध्या पहिल्या पत्रासारखा आहे. ‘आदरणीय सर/मॅडम, आपल्या नामांकित प्रयोगशाळेत संधी मिळाल्यास मी आभारी राहीन’. तो ‘सर/मॅडम’ पाहिला की हाच मेल आणखी कितीजणांना गेलाय हे लगेच कळतं.

नवा मेल लिही. प्राध्यापकांचं नाव घालून सुरुवात कर. त्यांचा अलीकडचा एक शोधनिबंध खरोखर वाच. सगळा कळला नाही तरी चालेल, पण वाचताना पडलेला एक प्रश्न दोन ओळींत मांड. मग हाताला काय येतं ते सांग : अगारच्या प्लेटा ओतता येतात, स्ट्रीकिंग करून वेगळ्या वसाहती मिळवता येतात, ग्राम स्टेनिंग जमतं, निर्जंतुक पद्धतीने काम करायची सवय आहे. कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत येऊ शकतोस तेही लिही. आणि तुझ्या जर्नलमधल्या, फसलेल्या एखाद्या प्रयोगाचं पानभर टिपण जोड. काय व्हायला हवं होतं, काय झालं, का झालं असावं. निकाल बरोबर आलेल्या प्रयोगापेक्षा असं टिपण मला जास्त सांगून जातं, कारण प्रयोगशाळेतले दिवस बहुतकरून असेच असतात.

आठ-दहा दिवसांत उत्तर आलं नाही, तर त्याच मेलखाली दोन ओळींची आठवण दे. त्यानंतर नाद सोड आणि पुढच्याला लिही. शिवाय त्या प्रयोगशाळेतल्या पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांनाही विचार. रोज शेजारी उभं राहून तुला शिकवणारे बहुधा तेच असतात, आणि मदतीला आणखी दोन हातांची गरज आहे का, हे तेच आधी सांगू शकतात.

कंप्युटर सायन्सला आहे. मोठ्या कंपन्यांच्या मुलाखतीपर्यंतही पोचत नाही. दुसरी काही वाट?

आहे. मुक्तस्रोत प्रकल्पांकडे वळ, म्हणजे ज्यांचा कोड कुणालाही वाचता आणि सुधारता येतो अशा सॉफ्टवेअरकडे. अशा प्रकल्पांत नवोदितांना काम करू देणारा गूगलचा उपक्रम, गूगल समर ऑफ कोड, २००५ पासून चालू आहे. २०२२ पासून विद्यार्थीच असण्याची अट गेली, १८ वर्षं पूर्ण झालेल्या नवोदितांनाही भाग घेता येतो. मार्गदर्शक मिळतो, ठरलेले टप्पे पार केले की मानधनही मिळतं. मात्र लेखी प्रस्ताव द्यावा लागतो. मुदत जवळ आल्यावर तिथे पहिल्यांदा तोंड दाखवू नकोस. काही महिने आधीच एखादा प्रकल्प निवड, त्याचं दस्तऐवजीकरण वाच, एखादी लहानशी चूक दुरुस्त करून पाठव. ती परत आली, त्यावर टीका झाली, तरी तिथेच टिकून राहा. मार्गदर्शकांना प्रस्ताव लिहिणाऱ्याचं नाव आधीपासून माहीत असलं की फरक पडतो.

‘तुमची निवड झाली आहे, नोंदणी शुल्क भरा’ असा मेल आलाय. मुलाखत झालेली नाही. भरू का?

नाही. काम करायला घेणारा तुला पैसे देतो, तुझ्याकडून मागत नाही. मूळ प्रमाणपत्रं आणि ओटीपीही देऊ नकोस. त्या संस्थेच्या वेबसाइटवरचा संपर्क शोधून तिथे थेट विचार आणि हा मेल वर्गातल्या सगळ्यांना दाखव.

इतिहासाची विद्यार्थिनी आहे. एका अभिलेखागारात काम मिळतंय, पण बिनपगारी आणि पूर्ण वेळ. सुट्टीत मी शिकवण्या घेते, त्यावर फी निघते. संधी सोडली तर पस्तावेन का?

आधी स्पष्ट सांगते : कामाचा मोबदला मिळायलाच हवा, असं माझं मत आहे. बिनपगारी जागांमुळे ज्यांना परवडतं तीच मुलं पुढे जातात, आणि हे मला सलतं. फी महत्त्वाची आहे. शिकवण्या सोडू नकोस आणि त्याची लाजही बाळगू नकोस.

पण नकार कळवण्याआधी एकदा बोलून बघ. आठवड्यातून दोन दिवस किंवा रोज सकाळचे तीन तास चालतील का, प्रवासखर्च मिळेल का, हे विचार. अशा ठिकाणी पूर्ण वेळाची अट पुष्कळदा सवयीने लिहिलेली असते. आणि एक नक्की विचार : माझ्याकडे कोणतं काम सोपवणार, आणि ते कोण तपासणार? ‘एका दप्तराची सूची करायची, अमुक बाई रोज बघतील’ असं उत्तर आलं तर दोन दिवसांसाठीही जा. त्या सूचीवर तुझं नाव राहील का, हेही त्याच वेळी ठरवून घे. ‘पडेल ते काम’ असं म्हणाले तर शिकवण्याच घे.