पोटोबा, विठोबा आणि चार घोडे

लाडक्या चिऊ,

तुझा निरोप ऐकून हसू आलं. साताऱ्याला आजीने नैवेद्याच्या आधीच तुला गरम पोळी वाढली, वर "आधी पोटोबा, मग विठोबा" म्हणाली, आणि तू अडून बसलीस: "देवाच्या आधी पोट कसं? माझ्या शाळेच्या क्रुसेडच्या, म्हणजे ख्रिस्ती धर्मयुद्धांच्या प्रकल्पात तर लोक देवासाठी घरदार सोडून लढायला गेले!"

गेले खरे. पण व्हेनिसचे ते चार धातूचे घोडे आठवतात का? सान मार्को चर्चचा तो उभा जिना चढून आपण वर गेलो, तू धापा टाकत विचारलंस, "यांच्या गळ्यात पट्टे का गं?" तेव्हा मी आइसक्रीमवर विषय टाळला. आता सांगते.

१२०१ साली जेरुसलेमसाठी क्रुसेडवर निघालेल्या फ्रान्सकडच्या सरदारांनी व्हेनिसशी करार केला. ३३,५०० माणसं आणि ४,५०० घोडे समुद्रापार न्यायचे, वर्षभराची शिधासामग्री द्यायची, मोबदला ८५,००० मार्क चांदी (मार्क हे तेव्हाचं चांदीचं वजन). व्हेनिसने बाकीचा धंदा जवळजवळ बाजूला सारून जहाजं बांधली. पण १२०२ च्या उन्हाळ्यात माणसं आली जेमतेम एक तृतीयांश. लग्नाला हजार पानं सांगावीत आणि तीनशे जेवायला यावेत, तसं. आचारी पैसे सोडतो होय? सरदारांनी स्वतःची सोन्याचांदीची भांडीसुद्धा आणून दिली, तरी ३४,००० मार्क कमीच पडले. सैन्य लिडो बेटावर अडकून बसलं.

व्हेनिसचा प्रमुख, त्याला डोजे म्हणत, एनरिको दांदोलो. म्हातारा, डोळ्यांनी अंध, पण व्यवहाराला पक्का. तो म्हणाला, बाकी नंतर द्या, आधी आम्हाला झारा घेऊन द्या. झारा म्हणजे आजच्या क्रोएशियातलं झादर, व्हेनिसच्या हातून निसटलेलं बंदर. तिथले लोकही ख्रिस्तीच, पोपलाच मानणारे. त्यांनी तटावर क्रूस टांगले, पोपने आधीच मनाई केली होती, तरी शहर पडलं.

मग कॉन्स्टँटिनोपलचा, म्हणजे आजच्या इस्तंबूलचा, एक पळालेला राजपुत्र आला. माझ्या बापाला गादी परत मिळवून द्या, २,००,००० मार्क देतो, म्हणाला. व्हेनिसचं त्या शहराशी जुनं देणंघेणं होतं. १०८२ पासून त्यांच्या व्यापाऱ्यांना तिथे करमाफी होती, आणि ११७१ मध्ये तिथल्याच सम्राटाने साम्राज्यभरच्या व्हेनिसकरांना एका दिवसात पकडून त्यांचा माल जप्त केला होता. ते कोण विसरतं? गादी मिळाली, पण कबूल केलेले पैसे काही पुरे झाले नाहीत. एप्रिल १२०४ मध्ये अंगावरच्या कपड्यांवर क्रूस शिवलेल्या सैनिकांनी ते ख्रिस्ती शहर तीन दिवस लुटलं, चर्चसुद्धा सोडली नाहीत. शहराचे आठ वाटे धरले तर त्यातले तीन व्हेनिसला मिळाले. पुढे क्रीटही त्यांनी पदरात पाडून घेतलं. जेरुसलेमच्या बाजूला या सैन्यातले फार थोडे पोहोचले.

तुझे घोडे त्याच लुटीतले. जहाजात मावावेत म्हणून त्यांची मुंडकी कापली आणि जोड झाकायला पट्टे घातले, असं सांगतात.

प्रकल्पात मात्र "धर्म हे निव्वळ ढोंग होतं" असं लिहू नकोस. दांदोलोने सान मार्कोमध्ये गुडघे टेकून, रडत रडत क्रूस घेतला होता, म्हणजे क्रुसेडला जायची शपथ घेतली होती. ते रडणं नाटकी होतं असं मला वाटत नाही. त्याला देवाचं काम आणि शहराची थकबाकी एकाच वहीत दिसत होती, आणि मला त्याचीच जास्त भीती वाटते. आजीचं तसं नाही. तिने पोटाचं नाव पोटच ठेवलं, आणि ताटही तुझ्यापुढे ठेवलं, दुसऱ्याच्या पुढचं ओढून नाही.

तू पाहिलेले आतले घोडे खरे, दर्शनी भागावरचे नकली. नकली घोड्यांसमोर उभी राहून काढलेला तुझा फोटो पाठवतेय, प्रकल्पात चिकटव. नीट बघ, पट्टे त्यांनाही घातलेत.

तुझी,
आई