आरशात जमतं, माणसांसमोर फसतं: पत्त्यांची जादू शिकणाऱ्यांसाठी

तुम्ही लिहिलंय की वर्षभर पत्त्यांची जादू शिकताय, डबल लिफ्ट (दोन पत्ते एकच असल्यासारखे उलटणं) आरशात अगदी स्वच्छ दिसते, पण घरच्यांसमोर हात थरथरतात. कुणीतरी "पुन्हा दाखव" म्हणतं आणि पकडले जाता. शिकवणाऱ्यांचा सल्ला असा की तंत्र निर्दोष होईपर्यंत कुणालाच काही दाखवू नका, तोवर "पास" ही हातचलाखी शिकायला घ्या. हा सल्ला वाचला आणि गप्प बसवेना, कारण याच सल्ल्यामुळे माझी सगळी सुरुवात वाया गेली होती.

आधी सांगून ठेवतो: मी व्यावसायिक जादूगार नाही, हौसेने करतो, पण बरीच वर्षं माणसांसमोर करतो. व्यावसायिकांचं मत वेगळं असू शकेल. गुपितंही इथे सविस्तर उघडणार नाही, तुम्हाला माहीत आहेत तेवढ्यांबद्दलच बोलतो. कॅट कसा धरायचा, कसा पिसायचा हे तुम्हाला येतंच.

पहिलं म्हणजे पास आत्ता नको. कॅटचे वरचे-खालचे भाग कुणाच्या नकळत अदलाबदल करणं हे फार अवघड काम आहे. तुम्हाला तो हवाय निवडलेला पत्ता वर आणायला. तेच काम साध्या ओव्हरहँड शफलने, म्हणजे एका हातातले पत्ते थोडे थोडे दुसऱ्या हातात टाकत पिसण्याने होतं, आणि पिसताना हात हलले तर कुणाला वावगं वाटत नाही. पासमध्ये हात हलण्याचं कारण तुम्हाला वेगळं निर्माण करावं लागतं.

आता त्या आरशाबद्दल. मी ज्या वर्गात शिकलो त्याचं नाव घेत नाही. तिथे दोन नियम होते. एक, आरशासमोर सराव करा आणि "तयार" झाल्याशिवाय कुणाला दाखवू नका. दोन, ठरावीक काळाने त्यांच्याकडूनच नवा खास कॅट घ्यायचा. कुठला अर्धाअधिक एकाच पत्त्याचा, कुठला पाठीवर खुणा असलेला, कुठला कडेने किंचित निमुळता. तयार कधी होणार, असं विचारलं की उत्तर एकच: अजून सराव. आणि सोबत नवा कॅट.

यात नुकसान काय झालं ते नीट सांगतो, कारण तुमचंही तेच होताना दिसतंय. आरशासमोर नजर हातांवर खिळते. समोरचा माणूस मात्र तुम्ही जिथे बघता तिथे बघतो. म्हणजे ज्या क्षणी त्याने तुमच्या चेहऱ्याकडे बघायला हवं, नेमकं तेव्हाच तुम्ही त्याला हाताकडे बोट दाखवताय. दुसरं त्याहून वाईट: आरशात स्वतःला फसवायची इतकी ओढ असते की गुपचूप हालचालीच्या क्षणी पापणी आपोआप मिटते. चूक दिसतच नाही आणि तंत्र निर्दोष वाटतं. ही पापणीची सवय मोडायला मला तंत्र शिकण्यापेक्षा जास्त वेळ लागला. शिवाय आरसा मध्येच हात पुढे करत नाही, आपला पत्ता विसरत नाही, "मी पिसू का?" असंही विचारत नाही. माणसं हे सगळं करतात, आणि जादू त्यातूनच पार न्यायची असते.

खास कॅट मुळात वाईट नसतात, मोठमोठे जादूगार ते वापरतात. पण नवख्याच्या हातात त्यातून काहीच उरत नाही. कुणी साधा कॅट पुढे करून "दाखव काहीतरी" म्हटलं की आपण रिकामे. त्या वर्गातून बाहेर पडताना माझी अवस्था हीच होती. माझं मत कडवट वाटेल, पण खरं तेच सांगतो: तीन प्रयोग घेऊन माणसांत जाणारा विद्यार्थी पुढचा कॅट विकत घेत नाही, म्हणून आम्हाला माणसांपासून लांब ठेवणं त्यांच्या फायद्याचं होतं. सगळे वर्ग असे नसतात. तुमचा कसा आहे ते तुम्हीच ठरवा.

तर करायचं काय? तीनच प्रयोग निवडा आणि पहिला असा घ्या की ज्यात हातचलाखी जवळजवळ नाही. अशा प्रयोगांना कमी लेखू नका. 1942 साली पॉल करी या हौशी जादूगाराने एक प्रयोग प्रसिद्ध केला: प्रेक्षक पत्ते न बघता एकेक करून वाटतो आणि शेवटी लाल-काळे आपोआप वेगळे झालेले निघतात. हाताचं कौशल्य नाममात्र, पण आजही लोक थक्क होतात. अशा प्रयोगात पत्ते प्रेक्षकाच्या हातात असतात, त्यामुळे तुमची थरथर दिसत नाही. तो संपेपर्यंत छातीतली धडधडही बरीच उतरलेली असते. डबल लिफ्टवाला प्रयोग दुसऱ्या क्रमांकावर ठेवा. कोपरं अंगालगत ठेवली तरी कंप कमी होतो.

एकवीस पत्त्यांचा प्रयोग सगळ्यांना येतो: तीन रांगा, निवडलेल्या पत्त्याची रांग दर वेळी मधे, तीनदा केलं की पत्ता अकरावा. गणित चोख आहे, पण तीनदा वाटेपर्यंत लोक कंटाळतात. करायचाच असेल तर शेवटी दहा पत्ते मोजून अकरावा उलटू नका. मोजणी दिसली की गणित दिसतं. वरचे दहा बोलता बोलता बाजूला जाऊ द्या.

डबल लिफ्टबद्दल एकच गोष्ट. उलटताना सहसा कुणी पकडलं जात नाही, पकडले जातो ते आधीच्या तयारीत. करंगळीचा ब्रेक (वरच्या दोन पत्त्यांखाली करंगळीने ठेवलेली बारीक फट) घ्यायची वेळ म्हणजे प्रेक्षक आपला पत्ता शेजाऱ्याला दाखवत असतो तेव्हा, किंवा तुम्ही त्याला नाव विचारता तेव्हा. मग हातात काही करायचं शिल्लकच राहत नाही. आणि आधी बघा की एकच पत्ता तुम्ही सहज कसा उलटता, दोन अगदी तसेच उलटा. वेग नको. अर्जेंटिनाचे रेने लावांद यांचा उजवा हात लहानपणीच अपघातात गेला होता. एका हाताने ते पत्त्यांची जादू करत, तीही मुद्दाम संथ, आणि तरी कुणाला काही दिसत नसे.

"पुन्हा दाखव" म्हणणाऱ्याला काय सांगायचं? इथे लोक हूडिनी या प्रसिद्ध जादूगाराची गोष्ट सांगतात. कुठलाही प्रयोग तीनदा बघितला की मी पकडतो, असं तो म्हणे. 1922 मध्ये शिकागोत डाय व्हर्नन या जादूगाराने त्याला एकच प्रयोग पुन्हा पुन्हा दाखवला, पत्ता दर वेळी कॅटच्या वर येत राहिला, पण त्याला उलगडला नाही. पण व्हर्नन लहानपणापासून पत्त्यांत मुरलेले होते, आणि तो प्रयोग पुनरावृत्तीवरच उभा आहे. तुम्ही तोच प्रयोग त्याच पद्धतीने लगेच करू नका. "हे बघ, याहून वेगळं दाखवतो," म्हणा आणि तिसऱ्या प्रयोगाकडे वळा. तिसरा त्यासाठीच हवा.

सराव बघायला आरशाऐवजी फोनवर चित्रीकरण करा. फोन प्रेक्षकाच्या डोळ्यांच्या उंचीवर ठेवा, एकदा समोरून, एकदा डावीकडून. आणि दुसऱ्या दिवशी बघा, लगेच नको, लगेच बघितलं की मन चुकांवर पांघरूण घालतं.

जाता जाता, कॅट प्लास्टिकचा नको, चांगल्या कागदाचा घ्या. पाठीला पांढरी कड असलेला असेल तर एखादा उलटा पत्ता थोडा सरकला तरी झाकला जातो. हात लहान असेल तर अडीच इंच रुंदीच्या पोकर कॅटऐवजी सव्वादोन इंचांचा ब्रिज कॅट खुशाल वापरा, लांबी दोन्हींची साडेतीन इंचच असते.

पुढे ओव्हरहँडने पत्ता ताब्यात ठेवणं, मग एखादा फोर्स (आपल्याला हवा तोच पत्ता प्रेक्षकाला घ्यायला लावणं), पाम (पत्ता तळहातात लपवणं) त्यानंतर. फारो शफल, म्हणजे कॅटचे दोन सारखे भाग करून पत्ते एकाआड एक गुंफणं, अगदी शेवटी. आठ अचूक आउट-फारोंनी (वरचा पत्ता वरच राहतो अशा फारोंनी) बावन्न पत्ते मूळ क्रमावर येतात हे कळल्यावर मन तिकडे ओढ घेतंच, माझंही घेतलं होतं, पण त्याला वेळ आहे.

तुमचे तीन प्रयोग कोणते ठरले ते कळवा. त्यातला कुठला पहिला घ्यावा यावर बोलता येईल. आणि घरच्यांऐवजी आधी फारशी ओळख नसलेल्या एखाद्या माणसाला दाखवून बघा, घरचे चूक शोधायलाच बसलेले असतात.