‘मॅडम, मी दगड झालेय का?’

पोलीस, रुग्णवाहिकेचे चालक, अतिदक्षता विभागातल्या परिचारिका यांच्याकडून एक प्रश्न मी नेहमी ऐकते. ‘आता कशाचंच काही वाटत नाही, मी निर्दयी झाले का?’ कोल्हापूरच्या एका स्थानिक केबल वाहिनीवर बातम्या देणारी ती हाच प्रश्न घेऊन आली होती. (तिच्या परवानगीने लिहिते आहे, काही तपशील बदलून.)

सासरे गेले तेव्हा घर रडत होतं आणि ती पाहुण्यांना फोनवर अंत्यविधीची वेळ सांगत होती, बुलेटिनच्या आवाजात, न अडखळता. तेराव्याला नणंद म्हणाली, “वहिनी, तुम्हाला आमचे अण्णापण बातमीच वाटले.” ते तिला फार लागलं.

मोठ्या वाहिनीवरचा अँकर बहुतेकदा अनोळखी माणसांची बातमी वाचतो. इथं तसं नसतं. फोन करून माहिती तीच घेते, स्क्रिप्ट तीच लिहिते, व्हॉइस ओव्हर देते, एडिटिंगला बसते आणि साडी नेसून कॅमेऱ्यासमोर जाते. अपघातात गेलेलं पोर मैत्रिणीचा भाचा निघतं. दुसऱ्या दिवशी मंडईत त्याचीच काकू हात धरते, “ताई, काल आमच्या पोराचं सांगितलासा.”

ऑगस्ट २०१९ च्या महापुराबद्दल ती सर्वांत जास्त बोलली. पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट, आणि राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर गेलेलं. तिचं माहेर शिरोळ तालुक्यात. भावाचा फोन लागत नव्हता आणि ती पाण्याचे आकडे वाचत होती. ८ तारखेला सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळला बोट उलटली. मोबाइलवरून आलेली दृश्यं कुठं कापायची ते ठरवण्यासाठी तिनं ती मागंपुढं करून कितीतरी वेळा पाहिली.

“पण मी कुठं पाण्यात उतरले होते? नुसतं बघितलं,” ती म्हणाली. आवाज स्थिर होता. हात मात्र सारखा कानाकडे जात होता, जिथं इअरपीस असतो तिथं. जिला काहीच वाटत नाही, तिचं अंग असं सावध राहत नाही.

‘नुसतं बघितलं’ हे मला खोडून काढायचं होतं. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ मध्ये काढलेल्या निदान-पुस्तिकेत, टीव्हीवर भीषण दृश्यं पाहणं हे आघातोत्तर ताणाच्या (भीषण प्रसंगानंतर मनात रेंगाळणाऱ्या ताणाच्या आजाराच्या) निदानासाठी धरत नाहीत. पण कामाचा भाग म्हणून ती वारंवार पाहावी लागत असतील तर धरतात. तिला तो आजार होता असं मी म्हणत नाही. पण तिचं बघणं हे घरी बसून बातम्या बघणं नव्हतं, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. हवेवर असताना गळा दाटून चालत नाही, म्हणून मन आवरायला शिकतं. मग घरीही ते आपोआप आवरलं जातं.

मी तिला म्हटलं, हे सगळं आईला सांगाल तसं सांगा. प्रमाण भाषा सुटली, कोल्हापुरी आली. पुराचं सांगून झालं, तरी डोळे कोरडे. मग सासऱ्यांवर आली. ते रोज बुलेटिन बघायचे आणि जेवताना म्हणायचे, “आज गडबडीनं वाचलीस गं.” तिथं ती रडली. बराच वेळ.

पुढं कामातल्या सवयी बदलल्या. कच्ची दृश्यं आवाज बंद करून, छोट्या चौकटीत पाहायची. गरज नसताना पुन्हा चालवायची नाहीत. त्या दिवशी काय पाहिलं ते नवऱ्याला थोडक्यात सांगायचं. संपादकांशी बोलून अशी दृश्यं तिनं सहकाऱ्यांत वाटून घेतली. खरं तर ही व्यवस्था वाहिनीनं आपणहून करायला हवी. माणसाच्या मनावर सगळा भार टाकून बातमीचं काम चालवणं मला मान्य नाही.

हाच प्रश्न तुम्हालाही पडत असेल, आणि जोडीला झोप उडाली असेल, नको ती दृश्यं महिनाभर डोळ्यांसमोर येत असतील किंवा दारूचा आधार लागत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटाच. सुरुवात कुठून करावी कळत नसेल तर ‘टेलि-मानस’च्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर कधीही बोलता येतं. फोन मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं.