वाचकांचे प्रश्न : सूत्र धरून वाचताना

या अंकात ‘वाचन-चॅलेंज’बद्दलची पत्रं घेतली आहेत. म्हणजे एक सूत्र, ठरलेली मुदत आणि आठ-दहा अटी. अटीत बसेल ते पुस्तक ज्याचं त्यानं निवडायचं. खाली ‘सूत्र’ म्हणजे अख्ख्या चॅलेंजचा विषय आणि ‘अट’ म्हणजे त्यातलं एकेक घर.

आमच्या कॉलनीतल्या १५ जणांनी गेल्या वर्षी ‘वर्षाला ५० पुस्तकं’ ठरवलं. दोघांनीच पूर्ण केलं, तेही पातळ पुस्तकं शोधशोधून. यंदा सूत्र ठेवायचं आहे. अटी कशा लिहाव्यात?
*— जळगाव*

नुसता आकडा ठेवला की पातळ पुस्तकांवर उड्या पडणारच. त्या दोघांना दोष देऊ नका.

‘मनाला भिडणारं पुस्तक’, ‘वेगळ्या विषयावरचं पुस्तक’ असल्या अटी आधी काढून टाका. त्यांत कपाटातलं कुठलंही पुस्तक बसतं, मग निवडताना त्यांचा उपयोग काय? पुस्तक हातात घेतल्यावर दोन मिनिटांत ‘बसतं’ किंवा ‘बसत नाही’ सांगता आलं पाहिजे. ‘१९६० पूर्वी पहिल्यांदा छापलेलं’, ‘स्त्रीचं आत्मकथन’, ‘अनुवादित, पण मूळ इंग्रजी नसलेलं’ या अटी चालतात. ‘शेवट दुःखी असलेलं’ ही चालत नाही, कारण ती पाळली की नाही हे वाचून संपल्यावरच कळतं.

सालाची अट ठेवली तर साल कुठं बघायचं तेही सांगून ठेवा. मुखपृष्ठावर नाही, शीर्षकपानाच्या मागच्या बाजूला. तिथं ‘पहिली आवृत्ती’, ‘दुसरी आवृत्ती’, ‘पुनर्मुद्रण’ अशी उतरंड असते. आपल्याला त्यातली सगळ्यात वरची ओळ हवी. जुन्या पुस्तकावर नुसता शक असला तर त्यात ७८ मिळवा : शके १८५७ म्हणजे १९३५. पुस्तक जानेवारी ते गुढीपाडवा या दिवसांत निघालेलं असेल तर ७९ मिळवा. अनुवादाच्या बाबतीत मूळ पुस्तकाचं साल धरायचं की अनुवादाचं, हे पहिल्याच दिवशी लिहून टाका. निम्मे वाद इथंच होतात.

दुसरी कसोटी वाचनालयाची. प्रत्येक अटीला जवळच्या वाचनालयात किमान ५ पुस्तकं सापडली पाहिजेत. १२ अटी असतील तर ही ६० पुस्तकं एका संध्याकाळी यादीत शोधून होतात. एखाद्या अटीला दोनच सापडली तर ती सैल करा. ‘खानदेशी लेखिकेची कादंबरी’ला पुस्तकं कमी पडली तर ‘खानदेशी लेखिकेचं कोणतंही पुस्तक’ करा.

वर्षाला १२ अटी पुष्कळ झाल्या, आणि ‘पूर्ण’ म्हणायला ८ पुरेत. ४, ८ आणि १२ अशा तीन पायऱ्या ठेवल्या तर मागे पडलेलाही निदान पहिलीवर उभा असतो. एकच पुस्तक दोन अटींत मोजायची मुभा द्यायची तर वर्षातून एकदाच.

आम्ही शिक्षिकांनी ‘खान्देश’ हे सूत्र घेतलं. साने गुरुजींचं पुस्तक चालेल की नाही यावरूनच भांडण जुंपलं, कारण गुरुजी मूळचे कोकणातले. महानोरांवरूनही तेच. यातून वाट काय?
*— अमळनेर*

वाद चांगला आहे, मिटवायची घाई करू नका. खान्देशात शिरायला तीन दारं ठेवा : जन्म, वास्तव्य आणि विषय. प्रत्येकीनं नोंद करताना आपलं पुस्तक कोणत्या दारानं आलं ते लिहायचं.

बालकवी (धरणगाव, १८९०), बहिणाबाई चौधरी (आसोदे, १८८०) आणि भालचंद्र नेमाडे (यावल तालुक्यातलं सांगवी, १९३८) जन्माच्या दारानं सरळ आत येतात. साने गुरुजींचा जन्म १८९९ चा, पालगडचा. पण ते तुमच्याच गावच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते, म्हणून वास्तव्याच्या दारानं येतात. मात्र ‘श्यामची आई’ विषयाच्या दारानं येणार नाही : ती लिहिली १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात आणि घडते कोकणात. महानोरांचं पळसखेडं जळगाव जिल्ह्याच्या हद्दीबाहेर, सोयगाव तालुक्यात. त्यांच्यासाठी जिल्ह्याची रेघ धरायची की अजिंठ्याच्या डोंगराखालचा सगळा मुलूख, ते तुम्हीच ठरवा. आम्ही रेघ थोडी पुसट ठेवू.

चौथं एक दार सहसा कुणाला सुचत नाही : खान्देशात जन्मलेलं पुस्तक. विनोबांनी ‘गीता प्रवचने’ धुळ्याच्या तुरुंगात सांगितली आणि ती साने गुरुजींनी उतरवून घेतली. २१ फेब्रुवारी ते १९ जून १९३२, दर रविवारी एक. अध्याय अठरा, रविवारही अठराच. तुमच्या चॅलेंजला जोडूनच एक छोटं चॅलेंज इथं आयतं मिळतं : रविवारी एक प्रवचन, पुढचं पुढच्या रविवारी. आधी उरकून टाकायचं नाही.

बोलीसाठी एक स्वतंत्र घर ठेवाच, पण त्यावर सरसकट ‘अहिराणी’ लिहू नका. बहिणाबाईंची बोली लेवा गणबोली म्हणून ओळखली जाते. घराचं नाव ‘खान्देशातली कुठलीही बोली’ ठेवलं की दोन्ही बसतात, आणि या घरातलं पुस्तक मोठ्यानं वाचायचं अशी अट घाला. बहिणाबाईंची गाणी त्या हयात असताना तोंडीच होती. पुस्तक निघालं १९५२ मध्ये, त्या गेल्यानंतरच्या वर्षी. ती नुसत्या डोळ्यांनी वाचली तर निम्मी हातातून सुटतात.

आमच्या महिला मंडळानं बिंगोसारखा ५ × ५ घरांचा तक्ता केला. सहा महिने झाले, एकीचीही ओळ भरली नाही. चुकलं कुठं?
*— भुसावळ*

२५ घरं म्हणजे २५ पुस्तकं, आणि एका ओळीलाही पाच लागतात. तीन महिन्यांसाठी ३ × ३ घ्या : घरं ९, आडव्या-उभ्या-तिरक्या मिळून ओळी ८, आणि ओळ तीन पुस्तकांत भरते.

दुसरी चूक बहुधा मांडणीची असेल. सगळी घरं सारखी नसतात. ३ × ३ मध्ये मधलं घर ४ ओळींत येतं, कोपऱ्यातलं ३ आणि बाजूच्या मधलं फक्त २. जाडजूड कादंबरीची अट मधोमध ठेवली की निम्म्या ओळी तिच्यापाशी अडतात. कागदावर तक्ता काढा आणि अशी मांडणी करून बघा :

वरच्या ओळीत मधलं, मधल्या ओळीत उजवं आणि खालच्या ओळीत डावं, या तीन घरांत सोप्या अटी (शंभर पानांच्या आतलं, कवितासंग्रह, बालसाहित्य). दोन जड अटी मधल्या ओळीत डावीकडे आणि खालच्या ओळीत मध्ये. उरलेल्या चार घरांत मध्यम. आता ओळी मोजा. आठांपैकी सात ओळींत एकेक सोपं घर येतं आणि जड घरातून जाणाऱ्या प्रत्येक ओळीत सोबतीला एक सोपं असतंच. तक्ता सगळ्यांचा एकच ठेवा. प्रत्येकीला वेगळा दिला तर ‘तुझा सोपा, माझा अवघड’ सुरू होतं. भुसावळच्या तक्त्यात आगगाडीचं एक घर नसेल तर मात्र आमची तक्रार आहे.

ऐकलेलं पुस्तक ‘वाचलं’ म्हणून धरायचं का?
*— धुळे*

धरायचं, पूर्ण पुस्तक असेल तर. संक्षिप्त आवृत्ती किंवा नाट्यरूपांतर धरायचं नाही. नोंदीत पानांऐवजी तास-मिनिटं लिहा आणि पुढं जा.

गावातला वाचनगट जानेवारीत सुरू केला. १४ जण होते, मार्चपर्यंत तिघं उरले. दरवर्षी असंच होतं. लोकांना आवडच नाही का?
*— चोपडा तालुका*

आवड आहे, मुहूर्त चुकतो. जानेवारीत कापसाची शेवटची वेचणी कुणाकुणाकडे चालूच असते. मार्चमध्ये घरोघरी परीक्षा, एप्रिल-मेमध्ये लग्नसराई, त्यात आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरवाशिणी येतात. आणि पारा ४४-४५ वर गेल्यावर लाइट गेली की पुस्तक पंखा म्हणूनच हातात राहतं.

१६ जुलै ते १५ ऑक्टोबर घेऊन बघा. साधारण १३ आठवडे होतात आणि शेवट वाचन प्रेरणा दिनाला येतो. पेरणी उरकलेली असते, वेचणीला अवकाश असतो, पावसाच्या संध्याकाळी घरातच जातात. मध्ये कानबाई, पोळा, गणपती आहेत. त्यांचे तीन आठवडे आधीच सुटीचे म्हणून वजा करा. उरले १०. दोन आठवड्यांना एक पुस्तक धरलं तर पाच अटी. एवढंच ठेवा.

गळती लागण्याचं दुसरं कारण लाज. माणूस एका पुस्तकानं मागे पडतो, ग्रुपवर गप्प होतो आणि मग परत येत नाही. म्हणून थकबाकी पुढं ओढायची नाही : या पंधरवड्याचं राहिलं तर राहिलं, पुढच्या अटीपासून सुरू. रविवारी रात्री आठला प्रत्येकानं एका ओळीत तीनच गोष्टी टाकायच्या : पुस्तक, पान क्रमांक आणि ‘चालू’ किंवा ‘सोडलं’. सोडायला परवानगी हवीच. ५० पानं वाचूनही लागत नसेल तर पुस्तक बदलायचं, कारण विचारायचं नाही. ‘छान आहे, नक्की वाचा’ छापाचे निरोप आठवडाभर बंद ठेवलेत तर पान क्रमांक शोधायला वर-खाली करावं लागणार नाही.

आमच्या वाचनालयात बहुतेक पुस्तकांची एकच प्रत आहे. १२ सभासद चॅलेंज घ्या म्हणतात. शिवाय कुणीतरी पुस्तकांच्या पीडीएफ फिरवतं. काय करावं?
*— ग्रंथालय कर्मचारी, पारोळा*

सगळ्यांनी एकच पुस्तक वाचायचं हा प्रकार तुमच्याकडे जमणार नाही. एक प्रत, १२ जण, प्रत्येकी १० दिवस म्हणजे १२० दिवस. शेवटच्याच्या हातात पुस्तक पडेपर्यंत पहिला विसरलेला असतो. अटींचं चॅलेंज मात्र एका प्रतीवर उत्तम चालतं, कारण एकाच अटीसाठी बाराही जण वेगळी पुस्तकं नेतात.

देवघेव टेबलाशेजारी एक फळी रिकामी करा. चालू अटीत बसणारी १५-१६ पुस्तकं तिच्यावर काढून ठेवा. १२ जणांना १२ च ठेवली तर शेवटच्याला निवड उरत नाही. प्रत्येकाच्या आत जाड कागदाची चिठ्ठी घाला : अट, दाखल क्रमांक आणि खाली मोकळ्या ओळी. परत करणाऱ्यानं तिच्यावर एक ओळ लिहायची आणि चिठ्ठी पुस्तकातच ठेवायची. पुढचा वाचक मागच्या कव्हरवरच्या मजकुरापेक्षा ती चिठ्ठी आधी वाचतो. अट पंधरवड्याची आणि मुदतही १४ दिवसांची ठेवलीत तर अट बदलते त्याच दिवशी पुस्तकंही परत येतात. नियमित मुदत वेगळी असेल तर चॅलेंजपुरती जुळवून घ्या.

पीडीएफचं : आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं स्वामित्वहक्क असतो. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, त्यामुळे त्यांच्या हयातीत निघालेली पुस्तकं १ जानेवारी २०११ पासून खुली आहेत. विनोबा १९८२ मध्ये गेले, त्यांचं लेखन २०४२ अखेरपर्यंत खुलं नाही. खुल्या पुस्तकाच्या नव्या आवृत्तीतली प्रस्तावना, टिपा आणि चित्रं यांचा हक्क वेगळा असतो, म्हणून ती आवृत्ती स्कॅन करून फिरवू नका. मराठी विकिस्रोतावर खुली पुस्तकं आहेत, तिकडची लिंक द्या.

सहावी-सातवीच्या मुलांना ‘महिन्याला ५ पुस्तकं’ दिली आणि सारांश लिहायला सांगितला. मुलं मागच्या कव्हरवरचा मजकूर उतरवतात. पकडायचं कसं?
*— शिक्षक, शिरपूर*

पकडू नका, सारांश मागणं बंद करा. कव्हरवर सारांशच छापलेला असतो, मग मुलं तोच देणार. त्याऐवजी पान क्रमांक घालून एक वाक्य उतरवायला सांगा, आणि ‘या पानावर तू असतास तर काय केलं असतंस?’ एवढं विचारा. याचं उत्तर कव्हरवर नसतं. पावरी किंवा अहिराणी बोलणाऱ्या मुलांना उत्तर त्यांच्या बोलीत तोंडी देऊ द्या. लिहायला लावलं की चार शब्दांत आटोपतात.

पाच पुस्तकांऐवजी रोज २० मिनिटं ठरवा. सहा दिवसांचे दोन तास होतात. सगळ्या वर्गाचं मिळून एखादं सूत्र हवं असेल तर ‘श्यामची आई’ सोयीची आहे : त्यात ४२ रात्री आहेत, आणि आठवड्याचे सहा दिवस धरले तर बरोबर सात आठवडे. रोज एक रात्र, एकानं मोठ्यानं वाचायची. सगळ्या रात्री सारख्या लांबीच्या नाहीत, म्हणून आदल्या दिवशी पानं मोजून ठेवा. लांब असेल तर वाचणारे दोघं करा.

घरात न वाचलेली चाळीसेक पुस्तकं आहेत आणि मी नवी आणतच राहतो. एकट्यानं करायचं चॅलेंज आहे का?
*— नंदुरबार*

आहे. इंग्रजी वाचकांचा ‘क्लासिक्स क्लब’ २०१२ पासून आहे. तिथं सभासद किमान ५० जुनी पुस्तकं जास्तीत जास्त पाच वर्षांत वाचायचं ठरवतो. त्यांची एक युक्ती उचला : यादीतल्या २० पुस्तकांना १ ते २० क्रमांक द्यायचे, मग क्लब एक आकडा काढतो आणि ज्याच्या यादीत त्या आकड्यावर जे असेल ते त्यानं वाचायचं.

तुम्ही तुमच्या चाळीसातली २० लिहा. पाच अशी, जी टाळत आलात, पाच अशी, जी केव्हाही वाचाल, बाकीची मिसळ. यादी कपाटाच्या दाराला आतून चिकटवा आणि आकडा घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी सांगायला लावा. आलेल्या पुस्तकाला सहा आठवडे द्या. ते संपेपर्यंत नवं आणायचं नाही. दिवाळी अंक आले तर तेवढी सूट घ्या.