लंडन सिस्टिम खेळून बुद्धिबळ सुधारते का, की ती सोडून द्यावी?

तुमच्या प्रश्नाचा आशय असा, की तुम्ही नोकरी सांभाळून संध्याकाळी ऑनलाइन रॅपिड डाव खेळता, रेटिंग ११०० ते १२०० च्या मध्ये घुटमळत आहे, पांढऱ्या मोहऱ्या आल्या की दर वेळी लंडन सिस्टिम लावता, पहिल्या आठ-नऊ चाली डोळे मिटून होतात आणि त्यानंतर मात्र काही सुचत नाही. त्यातच ‘ही आळशी माणसाची सुरुवात आहे, तिने खेळ सुधारत नाही’ असे मित्रांनी ऐकवल्यामुळे ती सोडून क्वीन्स गॅम्बिटकडे (डी४ नंतर लगेच सी४ खेळण्याच्या सुरुवातीकडे) वळावे का, असे तुम्ही विचारले आहे. मी स्वतः पांढऱ्याने बरीच वर्षे हीच पद्धत खेळत आलो आहे आणि हौशी प्रौढ खेळाडूंना शिकवतानाही तीच वापरतो, तेव्हा माझे मत थोडे एका बाजूला झुकलेले आहे हे गृहीत धरूनच पुढचे वाचावे. लंडन सोडण्याचे काही कारण मला दिसत नाही. तुमची खरी अडचण तुम्हीच प्रश्नात लिहून गेला आहात: चाली ‘डोळे मिटून’ होतात.

इतर वाचकांसाठी मांडणी सांगतो. पांढरा डी४ खेळतो, काळ्या घरांचा उंट एफ४ वर काढतो आणि मगच ई३ करतो, म्हणजे तो उंट प्याद्यांच्या भिंतीमागे कोंडला जात नाही. पुढे सी३, एक घोडा एफ३, दुसरा डी२, पांढऱ्या घरांचा उंट डी३, गरज पडल्यास एच३ आणि किल्लेकोट. बेल्जियमच्या एडगार कोल याच्या नावाने ओळखली जाणारी कोल सिस्टिम जवळजवळ हीच आहे, फक्त तिच्यात उंट सी१ वरच राहतो आणि ई४ ही चाल होईपर्यंत त्याला वाट पाहावी लागते. लंडन हे नाव १९२२ साली लंडनला झालेल्या आणि कापाब्लांकाने जिंकलेल्या स्पर्धेवरून पडले. गाटा काम्स्कीने ती वर्षानुवर्षे निष्ठेने खेळली, मॅग्नस कार्लसनने २०१६ मध्ये वाइक आन झी येथे तोमाशेव्हस्कीविरुद्ध ती खेळून डाव जिंकला आणि २०२३ च्या जगज्जेतेपदाच्या लढतीत डिंग लिरेनने नेपोम्नियाशीविरुद्ध सहाव्या डावात तिचाच आधार घेतला. ही सारी मंडळी आळशी होती असे तुमच्या मित्रांचे म्हणणे असेल, तर तो वाद मी घालणार नाही.

आता मुख्य मुद्दा. लंडनमध्ये तुमचे प्रत्येक मोहरे ठरलेल्या घरी जाऊ शकते, पण ते तिथे जावे की नाही हे काळ्याच्या तीन गोष्टींवर ठरते: त्याचे सी-प्यादे कुठे आहे, सी८ वरचा उंट बाहेर आला आहे की ई६ मागे अडकला आहे आणि दुसरा उंट डी६ वर येतो आहे की जी७ वर. तिसऱ्या चालीपासून प्रत्येक चाल करण्याआधी या तीन ठिकाणी नजर टाकण्याची सवय लावली, तर दहाव्या चालीनंतर ‘आता काय’ हा प्रश्न बराचसा मावळतो, कारण योजना त्या तीन ठिकाणांतूनच निघते.

सी-प्याद्यापासून सुरुवात करू, कारण तिथेच सर्वाधिक डाव बिघडतात. सी३ ही चाल बहुतेक जण सवयीने करतात. वास्तविक ती काळ्याच्या सी५ ला दिलेले उत्तर आहे. काळा सी५ खेळला की डी४ ला आधार हवा असतो आणि पाठोपाठ वजीर बी६ वर येऊन बी२ कडे बोट दाखवणार असतो, कारण तुमचा उंट एफ४ वर गेल्यामुळे बी२ चा राखणदार घरात उरलेला नसतो. सी३ झालेले असेल तर वजीर बी३ हे सरळ उत्तर मिळते. पण तिथेही एक खड्डा आहे, तो पटावर मोहरी मांडून पाहावा: १. डी४ घोडा एफ६ २. उंट एफ४ डी५ ३. ई३ सी५ ४. सी३ घोडा सी६ ५. घोडा एफ३ वजीर बी६ ६. वजीर बी३ सी४ ७. वजीर सी२ आणि आता काळा शांतपणे ७... उंट एफ५ खेळतो. उंट फुकट दिसतो. तो वजिराने मारला, की काळा वजीर बी२ चे प्यादे घेतो, आणि बी१ वरचा घोडा व ए२ चे प्यादे यांच्यामध्ये कोंडलेल्या ए१ वरच्या हत्तीला पळायला जागाच राहत नाही. म्हणून आठवी चाल वजीर सी१ ही असते. दिसायला ती दबकी वाटते, पण पांढऱ्याचे त्यात काही बिघडत नाही, कारण पुढे बी३ खेळून सी४ चे ते प्यादे पोखरता येते. ही एक ओळ तुम्ही तोंडपाठ करावी असे मी म्हणत नाही, पण काळ्याचे ई-प्यादे जागचे हललेले नसेल आणि सी८ चा उंट अजून मोकळा असेल, तर वजीर सी२ वर नेताना एफ५ कडे पाहायचे, एवढे तिच्यातून घेतलेच पाहिजे.

सी५ नंतर अनेकदा काळा डी४ वर मारामारी करतो. अशा वेळी सी-प्याद्याने मारून सममिती राखण्यापेक्षा ई-प्याद्याने मारणे मला जवळजवळ नेहमीच बरे वाटते. त्यातून जी रचना तयार होते, म्हणजे तुमची प्यादी सी३ व डी४ वर, काळ्याची डी५ व ई६ वर, ती लंडन खेळणाऱ्याने अक्षरशः घर करून राहावे अशी आहे. ई-फाइल, म्हणजे ई हा उभा स्तंभ, तुमच्यासाठी अर्धी खुली होते (तिथे तुमचे प्यादे उरत नाही), हत्ती ई१ वर येतो, ई५ हे घर घोड्यासाठी पक्के होते. काळ्याला सी-फाइल मिळते आणि तो बी५, बी४ असा अल्पसंख्य प्याद्यांचा हल्ला (आपल्या कमी प्याद्यांनी तुमच्या जास्त प्याद्यांवर चढाई) करून तुमचे सी३ कमकुवत करू पाहतो. म्हणजे दोन्ही बाजूंचे काम ठरलेले असते, आणि कोण लवकर पोहोचतो एवढाच प्रश्न उरतो. डिंगचा तो सहावा डाव याच रचनेचा आहे: नेपोम्नियाशीने पाचव्या चालीवर डी४ ला मारले, डिंगने ई-प्याद्याने परत घेतले, पुढे घोडा ई५ वर आला, ए-प्यादे ए५ पर्यंत सरकले आणि काळ्याला वजिराच्या बाजूला हातपाय हलवायला जागा उरली नाही, शेवट राजावरच्या हल्ल्याने झाला आणि लढत ३-३ अशी बरोबरीत आली. हा डाव एकदा इंजिन (चाली तपासणारा संगणक प्रोग्राम) बंद ठेवून, प्रत्येक चालीला ‘मी काय खेळलो असतो’ असे स्वतःला विचारत पाहावा. त्यात लक्षात येणारी आणखी एक गोष्ट म्हणजे पांढऱ्याने काळ्या घरांचे उंट खुशाल बदलू दिले आहेत. लंडनचे अनेक खेळाडू एफ४ च्या उंटाला जिवापाड जपतात, पण ई६ मागे काळ्याचा पांढऱ्या घरांचा उंट अडकलेला असताना काळ्या घरांचे उंट पटावरून गेले, तर तुमचा ई५ वरचा घोडा आणि त्याचा तो कोंडलेला उंट असा फायद्याचा शेवट तुम्हाला मिळू शकतो.

दुसरे ठिकाण सी८ चा उंट. तो एफ५ वर आला, तर बी७ उघडे पडलेले असते. अशा वेळी सी३ नको, सी४ हवे, आणि त्यामागोमाग वजीर बी३. इथे सवयीने सी३ खेळणारा आपणहून एक चाल गमावतो. तुमच्या रेटिंगच्या डावांमध्ये बी७ चे प्यादे या एका योजनेने वारंवार पडताना दिसेल. उलट काळ्याने ई६ करून तो उंट कोंडला असेल, तर डी३ वरचा तुमचा उंट एच७ कडे बिनविरोध रोखलेला असतो आणि खेळ राजाच्या बाजूला जातो.

त्या खेळातील नेहमीची स्थिती अशी: काळ्याचे घोडे सी६ व एफ६ वर, उंट डी६ वर, किल्लेकोट झालेला, तुमचा उंट जी३ वर मागे आलेला. तुमचा किल्लेकोट इथे मुद्दाम लांबवावा, कारण काळ्याने जी३ वर मारले तर एच-प्याद्याने परत घेऊन एच१ च्या हत्तीला आयती फाइल मिळते आणि तिच्या टोकाला एच७ असते. काळ्याची योजना ई५ फोडण्याची असते, म्हणून तुमचा घोडा वेळेत ई५ वर बसला पाहिजे. तो बसल्यावर काळ्याने बेसावधपणे सी६ च्या घोड्याने त्याला मारले, तर तुमचे डी-प्यादे ई५ वर येऊन डी६ चा उंट आणि एफ६ चा घोडा या दोघांवर एकदम हल्ला करते आणि एक मोहरे हाती लागते. उंटाने ते प्यादे खाल्ले तरी जी३ चा उंट त्याला घेतो. काळ्याने उंटानेच ई५ वर मारले तर मोहरे मिळत नाही, पण एफ६ चा घोडा हुसकला जातो, आणि तोच एच७ चा राखणदार असतो. मग दुसरा घोडा डी२ वरून एफ३ वर आणला, की उंट एच७ वरचे बलिदान, घोडा जी५ आणि वजीर एच५ हे जुने त्रिकूट विचारात घेता येते. मात्र बलिदानाआधी दोन गोष्टी नक्की पाहाव्यात: काळ्याचे कोणतेही मोहरे बी१ ते एच७ या तिरप्या रेषेवर परत येऊन एच७ राखू शकत नाही ना, आणि घोडा जी५ वर गेल्यावर त्याला कोणी मारून टाकत नाही ना. नवशिके खेळाडू हे बलिदान फार उत्साहाने आणि फार अपुऱ्या तयारीने करतात.

तिसरे ठिकाण जी७. काळा जी६, उंट जी७, डी६ अशी किंग्ज इंडियन मांडणी करत असेल, तर तुमची ठरलेली मांडणी त्याच्याविरुद्ध बोथट आहे हे आधी मान्य करावे. तो ई५ खेळणार, ई५ वर मारामारी झाली की पुढे ई४ रेटणार, आणि तुमचा उंट डी३ वर व घोडा एफ३ वर असेल तर ते एक प्यादे दोघांनाही पकडते. म्हणून इथे उंट डी३ वर न जाता ई२ वर जातो, आणि एच३ ही चाल लवकर करून एफ४ च्या उंटासाठी एच२ हे घर मोकळे ठेवावे लागते. त्यानंतर ए४, ए५ असे वजिराच्या बाजूला सरकत राहायचे. ज्यांना हे कंटाळवाणे वाटते त्यांनी तिसऱ्या चालीलाच घोडा सी३ खेळून ई४ ची धमकी द्यावी. काळ्याने डी५ ने ती रोखली तर तो डाव बॅरी अटॅककडे वळतो आणि चांगलाच तिखट होतो. मला स्वतःला हाच मार्ग आवडतो, जरी कट्टर लंडनवाले त्याला लंडन मानणार नाहीत.

अभ्यासाविषयी थोडक्यात. दिवसाला दहा ब्लिट्झ डाव खेळण्यापेक्षा पंधरा मिनिटे अधिक प्रत्येक चालीला दहा सेकंद अशा वेळेचा एखादा डाव खेळा आणि संपल्यावर तो लिचेस या बुद्धिबळाच्या संकेतस्थळावर उघडा. तिथले विश्लेषण आणि नामवंत खेळाडूंच्या डावांचा संग्रह दोन्ही विनामूल्य आहेत. इंजिन लावण्याआधी, ज्या पहिल्या चालीचे कारण तुम्हाला सांगता येत नाही ती चाल शोधा आणि त्याच स्थितीत मोठे खेळाडू काय करतात ते पाहा. इंजिनचे आकडे या पातळीवर फारसे शिकवत नाहीत, कारण अर्ध्या प्याद्याच्या फरकामागचे कारण ते बोलून दाखवत नाहीत. आणि एक अप्रिय गोष्ट सांगायलाच हवी: १२०० च्या आसपासचे बहुतेक डाव ओपनिंगवर ठरत नाहीत, कोणीतरी मोहरे फुकट सोडल्यामुळे ठरतात. त्यामुळे अभ्यासाचा निम्म्याहून अधिक वेळ युक्त्यांच्या कोड्यांना आणि हत्ती-प्याद्यांच्या साध्या शेवटांना द्यावा. नोकरदार माणसासाठी लंडनची खरी सोय हीच आहे, की ओपनिंगचा अभ्यास थोडक्यात आटोपतो आणि वेळ त्या कामासाठी उरतो.

हाच प्रश्न दहा वर्षांच्या मुलाबद्दल असता, तर मी वेगळे उत्तर दिले असते. त्याने ई४ खेळून इटालियनसारख्या मोकळ्या डावांत मार खात आणि देत शिकावे, असे माझे मत आहे, कारण त्याच्याकडे वेळ आहे आणि मोहऱ्यांच्या झटापटीची सवय लवकर लागलेली बरी.

क्वीन्स गॅम्बिटविषयी म्हणाल, तर त्याला लंडननंतर हात घालावा. एफ५ वरच्या उंटाविरुद्ध सी४ खेळण्याची सवय लागली, की निम्मे दार उघडलेलेच असते. शिवाय क्वीन्स गॅम्बिटच्या एक्स्चेंज प्रकारात, ज्यात काळा ई-प्याद्याने डी५ वर परत मारतो, वर सांगितलेलीच रचना रंग बदलून समोर येते. तिथे बी४, बी५ असा अल्पसंख्य प्याद्यांचा हल्ला पांढरा करतो. लंडनमध्ये तुम्ही तोच हल्ला अंगावर घेतलेला असल्यामुळे काळ्याला तो कुठे बोचतो आणि काळा ई-फाइलवर काय करू पाहणार, हे तुम्हाला कोणी शिकवावे लागणार नाही. सध्या मात्र पुढचे काही महिने सी३ ही चाल फक्त काळ्याने सी५ खेळल्यावरच करायची, एवढा एकच नियम पाळून खेळून पाहा आणि त्या डावांपैकी एखादा इथे मांडा. आपण तो चाल दर चाल पाहू.