1 टीबीची हार्ड डिस्क घेतली, विंडोजमध्ये 931 जीबीच दिसतेय. दुकानदाराने फसवलं का?

नाही हो, फसवलं वगैरे काही नाही. इंदूरच्या सिल्वर मॉलमध्ये परत भांडायला जाऊ नका, तो "भिया, सबमें इत्ता ही आता है" म्हणून मोकळा होईल, आणि ते खरंच आहे.

डिस्क बनवणारे 1 जीबी म्हणजे सरळ 100 कोटी बाइट धरतात, मग 1 टीबी झालं 1 लाख कोटी बाइट, आणि तेवढी जागा डिस्कवर असतेच. विंडोज मात्र 1024 ने तीनदा गुणतं, त्याचा एक जीबी 107 कोटी 37 लाखांच्या वर जातो, आता भागून बघा, 931 च येतात. क्लॉथ मार्केटमधून 10 गज कापड आणून घरी मीटरने मोजलं की 9 च्या जरा वर भरतं, तसंच हे. ड्राइव्हवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा, कॅपॅसिटीसमोर बाइटांचा लांबलचक आकडा आणि शेजारी जीबी, दोन्ही दिसतील. अ‍ॅपलने 2009 मध्येच मॅकवर हजाराने मोजायला घेतलं, त्यामुळे तिथे हीच डिस्क पूर्ण 1 टीबी दिसते. विंडोजने पण एव्हाना करायला हवं होतं, फुकटची भांडणं वाचली असती.

आता हे 1024 आलं कुठून, तर मेमरीच्या चिपमधून. तिथली प्रत्येक जागा अ‍ॅड्रेस लाइन वापरून शोधतात, एक लाइन एकतर चालू नाहीतर बंद, म्हणजे दोन जागा, दोन लाइनीत चार, तीनमध्ये आठ, असं करत 10 लाइनीत बरोबर 1024. म्हणून 8 जीबीची रॅम 1024 च्याच हिशोबाने पूर्ण 8 असते. डिस्कवर अशी काही सक्ती नाही, तिथे 512 किंवा 4096 बाइटचे सेक्टर, म्हणजे छोटे कप्पे, बसतील तेवढे.

खरी फसवणूक वेगळीच असते. चारपाचशे रुपयांत 2 टीबीचा पेनड्राइव्ह मिळाला तर समजून जा, आत चिप छोटीशी असते आणि कंट्रोलर, म्हणजे ड्राइव्ह चालवणारी चिप, खोटा आकडा सांगतो, विंडोज तो मुकाट मानतं, आणि चिप भरली की पुढच्या फाइली नीट लिहिल्याच जात नाहीत किंवा जुन्यांवर चढतात, कॉपी झाली असं मात्र दिसतं. एचटूटेस्टडब्ल्यू नावाचं फुकट टूल आहे, ते पूर्ण ड्राइव्ह भरून परत वाचून बघतं. वेळ फार खातं, रात्री लावून झोपा.

तुमच्या डिस्कवर 931 पेक्षा बरंच कमी दिसत असेल तर आधी विंडोजमधलं डिस्क मॅनेजमेंट उघडा, बहुतेक एखादं पार्टिशन, म्हणजे डिस्कचा वेगळा भाग, बनवायचं राहिलं असेल.